एक्सलचा काय दोष?

शिक्रापूरच्या चाकण चौकात वाहतूक तुंबली की करण्यासारखं एकच काम उरतं : पुढच्या गाडीचं बूड न्याहाळणं. चाकणहून आलेला कंटेनर, रांजणगावच्या पाळीला निघालेली कामगारांची बस, कांद्याचा टेम्पो, हंगाम असेल तर उसाची ट्रॉली. वाहन जरा उंच असलं की खाली एक आडवी लोखंडी नळी दिसते. मधोमध डिफरन्शिअलचा गोळा, दोन्ही टोकांना चाकं, आणि नळीवर यू-बोल्टनं आवळलेले कमानपाटे. पुस्तकं याला ‘लाइव्ह एक्सल’ म्हणतात. ट्रॉलीचा एक्सल चाकं नुसती वाहतो म्हणून तो ‘डेड’, ट्रकचा चाकं फिरवतो म्हणून तो ‘लाइव्ह’. मी त्याला इथे सलग एक्सल म्हणेन, कारण त्याचा गुण आणि अवगुण दोन्ही सलगपणातच आहेत. एका चाकाला बसलेला हिसका दुसऱ्यापर्यंत पोचतोच.

मोटारींच्या शोरूममध्ये हा शब्द उच्चारला जात नाही. तिथे इंडिपेंडंट सस्पेन्शनची महती. याच शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यातून २०१७ पासून जीप कंपास बाहेर पडते. तिची मागची दोन चाकं एकमेकांशी बांधलेली नाहीत. सलग एक्सल म्हणजे मालवाहू गाड्यांचा, जुन्या काळाचा, स्वस्ताईचा मामला, असं आपण धरून चाललो आहोत. माझं म्हणणं असं की यात एक्सलवर अन्याय झाला आहे. त्याच्या नावावर नोंदलेले बहुतेक गुन्हे त्याला वाईट रीतीनं धरणाऱ्यांचे आहेत. आणि हे तपासायचं तर ट्रकच्या खाली बघून भागत नाही. पाच-साडेपाचशे किलोंची, दोन माणसांची, घरच्या शेडमध्ये सुट्या भागांतून जुळवलेली हलकी स्पोर्ट्स कार घ्यावी लागते. तिथे कुठलीच चूक झाकली जात नाही.

हलक्या वाहनाचं आणि ताठ आसाचं नातं या भागाला नवं नाही. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर हा बैलगाडा शर्यतींचा मुलूख. घाटात पळणारा छकडा म्हणजे वाहनातून काढता येईल ते सगळं काढल्यावर जे उरतं ते : दोन चाकं, एक आस, थोडं लाकूड. स्प्रिंग नाही, शॉकअप नाही. भरलेली बैलगाडी त्याच वाटेवरून संथ डुलत जाते, आणि छकडा ढेकळागणिक उडतो. दोघांचा आस सारखाच ताठ. फरक पडला तो आसावरच्या ओझ्याचा. ओझं जितकं कमी, तितकी चाकाची मनमानी जास्त.

हाच हिशेब मोटारीत मांडू. आकडे ढोबळ धरतो. ९०० किलोंच्या जुन्या सेडानमध्ये मागच्या चाकांवर साधारण ४२० किलो येतात असं समजा. त्यातले शंभरेक किलो स्प्रिंगखालचे : एक्सल, डिफरन्शिअल, ब्रेक, चाकं. उरलेले ३२० स्प्रिंगवरचे. प्रमाण तीनास एक. आता तसाच एक्सल ५५० किलोंच्या टू-सीटरखाली घातला. मागे २७५ किलो, त्यातले ९० स्प्रिंगखाली, वर राहिले १८५. प्रमाण दोनास एकवर आलं. खड्ड्यातून उसळणारा एक्सल हा हातोडा मानला आणि गाडीचं अंग ही ऐरण, तर हातोडा जवळपास तोच राहिला आणि ऐरण हलकी झाली. पुण्याहून नगरकडे जाताना ट्रकच्या ड्रायव्हरला जे जाणवणारही नाही, ते अशा गाडीत मणक्याला कळेल.

मग कुणी शहाणा माणूस हलक्या गाडीत सलग एक्सल का घालेल? तर लोटसच्या कॉलिन चॅपमननं घातला. त्याची लोटस सेव्हन १९५७ सालची. शर्यतीच्या गाड्यांत त्यानं मागच्या सस्पेन्शनचे नाना प्रकार केले, पण कमी पैशात घरी जुळवायच्या या गाडीला त्यानं बाजारातल्या साध्या गाड्यांचे एक्सल लावले. ब्रिटनमध्ये पूर्ण गाडीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. त्या काळची एक गोष्ट सांगतात, की भागांसोबत जुळणीची सूचनापत्रं देणं कायद्यात बसत नव्हतं, म्हणून गाडी सुटी कशी करायची याचं पत्रक मिळे आणि गिऱ्हाईक ते शेवटाकडून वाचत असे. १९७३ मध्ये सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. त्याच घराण्यातली २०२१ ची ‘१७०’ ही ४४० किलोंची गाडी. तिचं ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन सुझुकीचं, आणि मागचा सलग एक्सलही सुझुकीचाच. म्हणजे ज्या घराण्यानं आपल्याला ओम्नी दिली, त्याच घराण्याचा एक्सल तिकडे हौशी स्पोर्ट्स कारखाली धावतो, आणि इकडे भंगारात किलोवर विकला जातो.

महाराष्ट्रातही हा वेडेपणा झालेला आहे. अलिबागजवळ कार्ले खिंडीत चिंकारा मोटर्सनं लोटस सेव्हनच्या वळणाची रोडस्टर बांधली. अंग फायबरग्लासचं, इंजिन अँबॅसेडरमध्ये येणारं १.८ लिटरचं इसुझू. गाड्या थोड्या झाल्या, पण झाल्या. आणि सलग एक्सलवर चालणारी साधी कार तर आपल्या हाडामासाचीच : सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्यात बनणारी फियाट, पुढे पद्मिनी. मागे कमानपाटे आणि सलग एक्सल. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात उतरली. तोवर तिनं लाखो लोकांना दादर-कुर्ला केलं, आणि एक्सल जुनाट आहे म्हणून कुणी मीटर पाडायचं थांबवलं नाही.

आता समजा, शिक्रापूर किंवा सणसवाडीच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये कुणी अशी गाडी बांधायला घेतली. चौकोनी पाइपची चासी, ओम्नीचा एक्सल, त्याचेच पाटे. पहिल्याच फेरीत गाडी दगडासारखी आपटेल, कारण ते पाटे आठ माणसं आणि वर पोती वाहायला घडवलेले आहेत. कुठलाही अनुभवी मेस्त्री सांगेल : दोन पाटे काढून टाका. सल्ला वरवर योग्य. पाटे काढले, गाडी मऊ झाली. आणि मग क्लच सोडताच मागून थडथड ऐकू येऊ लागली, वळणावर शेपूट आपल्या मर्जीनं सरकू लागली. एक्सल बदनाम होतो तो नेमका इथे.

झालं असं, की पाटा एकाच वेळी दोन कामं करत होता. एक पेलण्याचं, दुसरं धरण्याचं. गाडीचं वजन तो पेलतो हे डोळ्यांना दिसतं. पण चाकं रस्त्याला मागे रेटतात तेव्हा एक्सलची नळी उलटी पिळली जायला बघते, डिफरन्शिअलचं नाक वर उचलतं, आणि तो पीळही पाटाच सोसतो. वळणावर अंग बाहेर फेकलं जातं तेव्हा एक्सलला आडवा सरकू न देण्याचं कामही त्याचंच. पेलण्यासाठी तो जाड झाला होता, म्हणून धरायलाही पुरत होता. बारीक केल्यावर पेलणं जमलं, धरणं सुटलं. ताण आला की पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वळतो, मग झटकन सुटतो, परत वळतो. थडथड म्हणतात ती हीच.

तर पेलणं आणि धरणं या दोन कामांची वाटणी करायची, हा हलक्या गाडीचा पहिला नियम. पेलायला वेगळी कॉइल स्प्रिंग, धरायला वेगळ्या दांड्या. शिकाऊ मंडळी क्रम उलटा लावतात. आधी महागडे शॉकअप आणतात, मग स्प्रिंग बदलून बघतात, आणि एक्सल कुठे, कशानं बांधला आहे हे शेवटी तपासतात. आधी धरा, मग पेला, मग शॉकअपनं शांत करा.

धरायचं म्हणजे किती? हवेत तरंगणारी कुठलीही वस्तू सहा प्रकारे हलू शकते. एक्सलला त्यातल्या दोनच मोकळिका हव्यात : सबंध वर-खाली होण्याची, आणि एक चाक वर एक खाली असं कलण्याची. बाकीच्या चार बंद. गाडीच्या लांबीच्या दिशेनं चार दांड्या पुढे चासीला आणि एक आडवी पॅनहार्ड दांडी, ही नेहमीची मांडणी. मोजलं तर बंधनं पाच होतात, एक जास्त. चारही दांड्या समांतर आणि सारख्या लांबीच्या असतील तर हे खपतं. नसतील तर गाडी कलताना डावीकडच्या दांड्या नळीला एकीकडे पिळतात, उजवीकडच्या दुसरीकडे, आणि मार खातात रबरी बुश. बुश लवकर गेले की आपण बुशच्या दर्जाला शिव्या देतो. सेव्हनच्या दुसऱ्या मालिकेत चॅपमननं दोन दांड्या आणि डिफरन्शिअलखाली एक ए-आकाराची चौकट एवढ्यावरच भागवलं. चार मोकळिका, चारच बंधनं. कागदावर यापेक्षा देखणं काही नाही. पण सगळा जोर गोळ्याच्या बुडाच्या एका ठिकाणावर आला, तिथून तेल पाझरू लागलं, आणि तेलानं तिथलाच रबरी बुश मऊ पडायचा. देखण्या हिशेबाचा सूड लोखंड असा घेतं.

पॅनहार्ड दांडीचं एक टोक चासीला, दुसरं एक्सलला. त्यामुळे एक्सल वर-खाली होताना सरळ जात नाही, कंसात जातो, किंचित बाजूला सरकतो. दांडी ९०० मिलिमीटरची असेल आणि चाक ५० मिलिमीटर उचललं, तर सरकणं दीड मिलिमीटरच्याही आत. जागा नाही म्हणून दांडी ४०० ची केली, तर तीन मिलिमीटरच्या वर. म्हणून ती शक्य तितकी लांब हवी, आणि गाडी माणसांसकट उभी असताना आडवी. ‘माणसांसकट’ हा शब्द बहुतेक जण विसरतात. रिकाम्या शेडमध्ये, रिकाम्या गाडीखाली झोपून ती आडवी बसवतात. साडेपाचशे किलोंच्या गाडीत सत्तर किलोंचा शेजारी म्हणजे आठवा हिस्सा. शिवाय अशा गाड्यांत बसायची जागा मागच्या एक्सलच्या जवळ, तेव्हा त्याच्या वजनाचा मोठा वाटा मागेच येतो. एक माणूस बसला की मागचं अंग सेंटिमीटरभर, कधी त्याहून जास्त दबतं. जड गाडीत हा प्रश्न फारसा नसतो.

हे कंसात सरकणंही नको असेल तर जेम्स वॉटकडे जावं लागतं. वाफेच्या इंजिनाचा दांडा सरळ रेषेत चालावा म्हणून त्यानं १७८४ मध्ये दोन दांड्या आणि मध्ये एक फिरती पट्टी अशी जोडणी शोधली. आपल्या सगळ्या कामांत त्याला तिचाच अभिमान सर्वात जास्त होता. ही जोडणी बघायला संग्रहालयात जायला नको. चाकणला बनणाऱ्या महिंद्रा स्कॉर्पिओ-एनच्या मागे सलग एक्सल आहे आणि तो आडवा सरकू नये म्हणून वॉटचीच जोडणी. २०२२ पासून ती गाडी विकली जाते. म्हणजे चाकण चौकात अडकून पडल्यावर समोर स्कॉर्पिओ-एन असेल, तर वाकून बघा. सलग एक्सल कालबाह्य झाला म्हणणाऱ्यांना मी एवढंच उत्तर देतो.

लांब दांड्यांचा उतारही नुसता सोयीचा ठेवून चालत नाही. दांडीचं पुढचं टोक मागच्यापेक्षा वर असेल, तर वळणावर बाहेरचं चाक उचलताना मागे सरकतं, सबंध एक्सल वळणाच्या बाहेर तोंड करतो आणि गाडी गिरकी घ्यायला उत्सुक होते. पुढचं टोक किंचित खाली असेल तर उलट, गाडी शहाण्यासारखी वागते. दोन-तीन अंशांचा हा खेळ. स्टिअरिंगला हात न लावता मागची चाकं स्टिअरिंग करत असतात, आणि चालवणारा समजतो आपला हात कच्चा.

आणखी एक गंमत. प्रॉपेलर शाफ्टचा पीळ एक्सलला आडव्या अंगानंही फिरवू बघतो. नेहमीच्या दिशेनं फिरणाऱ्या इंजिनात त्यामुळे जोरानं गाडी उचलताना उजवं मागचं चाक हलकं होतं, डावं दाबलं जातं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. एकटाच निघालात तर तुमचं वजन नेमकं उचलणाऱ्या चाकाच्या वर. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या हौशी लोकांना हे सुख नाही.

स्प्रिंगबद्दल थोडक्यात. सलग एक्सलच्या स्प्रिंग चाकांच्या आत बसतात, म्हणून गाडी सरळ उसळताना त्यांचा जेवढा ताठरपणा मिळतो तेवढा कलताना मिळत नाही. चाकांमधलं अंतर १२०० आणि स्प्रिंगांमधलं ९०० मिलिमीटर असेल, तर कलण्याच्या विरोधात जवळपास ५६ टक्केच ताकद उरते, कारण हिशेब वर्गाचा आहे. कलणं थांबवायला स्प्रिंग ताठ करत गेलात, तर गाडी परत छकडा होते. त्यापेक्षा स्प्रिंग आणि शॉकअप होता होईल तितके चाकांकडे न्यावेत.

पण या सगळ्याआधी वेल्डिंग. दांड्यांसाठी एक्सलच्या नळीवर ब्रॅकेट जोडावे लागतात, आणि वेल्डिंगनं जॉब ओढतो हे शिक्रापूर-सणसवाडीच्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमधल्या पोराला ठाऊक असतं. नळी केसभर वाकली तरी दोन्ही चाकांची तोंडं कायमची तिरपी. इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये बोल्ट सैल करून कोन सुधारता येतो, इथे ती सोय नाही. म्हणून आधी टॅक, मग इंच-इंच, एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला, मध्ये थंड होऊ द्यायचं. तपासायला लेझर नसलं तर गवंड्याचं सामान पुरतं : दोरी, ओळंबा आणि पाण्याची लेव्हल-नळी. चार चाकांवरचं वजन मोजायला शर्यतवाल्यांचे खास काटे महाग पडतात. कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्याकडे पोत्यांचे इलेक्ट्रॉनिक काटे असतात. आपल्या गाडीचं एक चाक दीडशे किलोंच्या आसपास, म्हणजे भरल्या तीन पोत्यांएवढं. असे चार काटे एका पातळीत मांडा, ड्रायव्हरला बसवा, आणि तिरक्या जोड्यांची बेरीज सारखी येईपर्यंत स्प्रिंगच्या चकत्या फिरवा.

इतका वेळ नटबोल्टांत रमलो याला कारण आहे. शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव, चाकण या पट्ट्यात गाडीचे सुटे भाग किती बनतात याची गणती नाही. पण भाग बनवणं हे एक ज्ञान आणि भाग एकमेकांशी जुळवून गाडी वठवणं, ज्याला आपण सेटिंग म्हणतो, हे वेगळं. बुश बनवणाऱ्याला बुशचं ड्रॉइंग मिळतं, तो मिलिमीटरच्या शतांशात माल देतो. तो बुश कुठल्या दांडीच्या चुकीमुळे मरतो हे त्याला कुणी सांगत नाही, आणि त्यानं विचारावं अशी अपेक्षाही नाही. अख्खी गाडी बघण्याची नजर मूठभर डिझाइन कचेऱ्यांत कोंडलेली. सलग एक्सलची हलकी गाडी ही नजर तयार करणारी सर्वात स्वस्त शाळा आहे असं मी मानतो, कारण त्यात एक गोष्ट हलवली की बाकी पाच हलतात.

यावर आक्षेप येईल की कॉलेजची मुलं हे करतातच. खरं आहे. बाहा एसएईइंडिया ही स्पर्धा २००७ पासून भरते, पुण्यातल्या कॉलेजांचे संघ वर्षभर रात्री जागवून गाड्या बांधतात. पण त्या गाड्या स्पर्धेपुरत्या. रस्त्यावर येण्याची त्यांना वाट नाही, त्यामुळे दहा हजार किलोमीटर चालून काय झिजलं हे कळण्याचीही वाट नाही. सेटिंगची खरी परीक्षा दहा हजार किलोमीटरनंतरच होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार : घरी वेल्डिंग केलेली गाडी नगर रस्त्यावर आली आणि दांडी तुटली तर? मीही अशा गाडीच्या मागे जाणार नाही, ती कुणी तपासलेली नसेल तर. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कारखान्यानं नोंदवलेल्या तपशिलाहून वेगळा बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी स्पष्ट केलं. नवा नमुना रस्त्यावर आणायचा तर नियम १२६ प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचण्या करून घ्यायच्या. ही व्यवस्था हजारो गाड्या बनवणाऱ्या कंपनीसाठी रास्त आहे. एकच गाडी बांधणाऱ्यानं मात्र त्याच दारातून जावं, ही अपेक्षा म्हणजे दार नाही असंच सांगणं. ब्रिटननं यासाठी वेगळं दार ठेवलं आहे. तिथे एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते, ब्रेक, दिवे, धारदार कडा, सीटबेल्टची पकड बघून पास किंवा नापास. नापास झालेला सुधारून परत येतो.

आपल्याला हे अशक्य वाटायचं कारण नाही. शर्यतबंदीमुळे २०१४ मध्ये बंद पडलेला छकडा सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं २०२१ च्या डिसेंबरात घाटात परतला, तो मोकाट नव्हे, अटी-शर्ती घेऊन. त्यांच्या पालनाबद्दल कुरबुरी असतील, पण चौकट आखली गेली. एकेकट्या गाडीसाठी अशी चौकट आखायला लागणारं ज्ञान तर हाकेच्या अंतरावर आहे. वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे, कोथरूडची अख्खी टेकडी तिच्या नावानं ओळखली जाते, आणि तिचं तपासणी केंद्र चाकणलाही आहे. महिन्यातून एक दिवस, एक खड्डा, दोन तपासनीस, वाजवी फी. परिवहन मंत्रालयानं एवढा प्रयोग पुणे जिल्ह्यापुरता करून पाहावा.

तोवर ज्यांना राहवत नाही त्यांनी गाडी जरूर बांधावी, पण खासगी जागेतच चालवावी. आणि पहिला ब्रॅकेट पक्का करण्याआधी शेजारी आपल्याच वजनाचा माणूस बसवून पॅनहार्ड दांडीला लेव्हल लावून बघावी.